कुत्रा कोटाला चावला होता

आदरणीय कोमारे मिंतोनिया यांस,

"कुत्रा पोरीला चावला नाही, कोटाला चावला," असं तुमचे आजोबा एकदा म्हणाले होते. तुम्ही कदाचित विसरला असाल. मला विसरता येत नाही, कारण त्या कोटाच्या आत मी होते.

पण पत्राची सुरुवात अशी एकदम कुत्र्याने करणं बरं दिसत नाही, तेव्हा आधी रीतीचं. तुमचा गुडघा कसा आहे? मधमाश्या यंदा कुठल्या फुलांवर आहेत? नातवाला दात येऊ लागलेत असं ऐकलं. कुणाला चावतो का? (हा प्रश्न मी सहज विचारलाय. हल्ली माझं प्रत्येक वाक्य चावण्यापाशीच जाऊन थांबतं, कारण पुढे कळेल.) इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे सिदोरा मावशी बरी आहे, आणि मी आहे. हे पत्र तुमच्या हाती पडायला वेळ लागेल. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमच्या दारावरचं डाळिंबाचं झाड दिसतं, वारा असला तर तुमची शिंकसुद्धा ऐकू येते, तरी हे पाकीट आधी डोंगर उतरून नुओरोला जाईल, तिथून काल्यारीला, तिथे शिक्का खाईल आणि पुन्हा डोंगर चढून तुमच्याकडे येईल. कुणाच्या हाती पाठवलं असतं तर वाटेतच सगळ्या गावाने वाचलं असतं. स्वतः चालत आले असते, तर काय झालं असतं ते चालण्याबद्दल लिहीन तेव्हा लिहीन.

तुम्हाला 'तुम्ही' लिहितेय, याचं नवल वाटेल. तुम्ही मला माझ्याच दारात 'तू' म्हणालात, आणि कोमारेला 'तू' म्हटलं की संत जुआन्नेच्या सणाच्या आगीवरून मारलेली उडी वाया गेली, हे मलाही ठाऊक आहे. एका रुमालाची दोन टोकं धरून आपण ती आग ओलांडली तेव्हा आपण अकरा वर्षांच्या होतो. दुसऱ्या दिवसापासून आपण कोमारे, मानलेल्या बहिणी, आणि जन्मभर 'तुम्ही'. आदल्या दिवशीपर्यंत एकमेकींच्या केसांत शेण घालणाऱ्या आपण, आणि त्या सकाळी झऱ्यावर सगळ्या बायकांदेखत तुम्ही मला गंभीरपणे म्हणालात, "कोमारे, तुमच्या नाकाला शेंबूड आलाय." बायका हसून लोळल्या. तेव्हापासून आजवर मी तुम्हाला कधी एकेरी बोलले नाही, भांडतानासुद्धा नाही. आता 'तू' लिहायचं म्हटलं तर हात वळत नाही. (माझा हात अलीकडे बऱ्याच गोष्टींना वळत नाही. पण हे त्यातलं नाही.)

तर कुत्रा. आग ओलांडली त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. तुमच्या आजोबांच्या मेंढ्या चोरायला कुणीतरी आलं होतं आणि पळताना मेंढीच्या कातड्याचा कोट टाकून गेलं. आजोबांनी तो गोठ्याच्या खुंटीला टांगला. रोज सकाळी बार्दियानूला त्याचा वास द्यायचे आणि कानात सांगायचे, "हा. हा दिसला की सोडायचा नाही." बार्दियानू म्हणजे आपल्या हातचं चीज खाणारा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपणारा कुत्रा. एका सकाळी मला थंडी वाजली आणि मी खुंटीवरचा कोट घातला. पुढचं माझ्या पोटरीवर अजून आहे. तुम्ही रडत होता, मी रडत होते, आणि आजोबा कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत ते वाक्य म्हणाले. मला राग आला होता. पोटरी माझी होती, आणि हात फिरत होता कुत्र्यावर. मग उन्हाळ्यात तुम्हीच आईच्या पेटीतला रुमाल आणलात. बहुतेक भरपाई म्हणून. (पाहा, वर चुकीचं लिहिलं. आधी कुत्रा, मग आग. खाडाखोड करत नाही, तुम्हाला कळलंच असेल. माझं सगळं हल्ली असंच उलटसुलट चालतं.)

आता चालण्याबद्दल. गेल्या शरदात माझा डावा पाय माझा राहिला नाही. म्हणजे होता जागेवर, पण परक्याचा असावा तसा. देवळातून निघताना मी पायऱ्या अशा उतरले की वरच्या आळीचे सगळे पुरुष माना वळवून दुसरीकडे पाहू लागले. सभ्य माणसं दारुड्या बाईकडे बघत नाहीत. दुकानात एफिझिओकडे मिर्तोच्या दारूची बाटली मागितली, मावशीच्या पोटासाठी, तर त्याच्या पाठीमागे फळीभर बाटल्या असताना तो म्हणाला, "संपली." मी म्हटलं, "ती मागे काय आहे?" तर न वळता म्हणतो, "शाई." मी काही बोलले नाही. का नाही बोलले, ते सांगायला मला लाज वाटते, पण हे पत्र त्यासाठीच आहे. मला दारुडी म्हणवून घेणं आजारी म्हणवून घेण्यापेक्षा सोपं वाटलं. दारू सोडता येते, असं निदान लोकांना वाटतं.

मग उजव्या डोळ्यावर धुकं आलं. काल्यारीच्या इस्पितळात मला नळीच्या यंत्रात घातलं, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं आणि पीरास नावाच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून रोगाचं नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. बघा, लिहिलं मी. लिहिता येतं. पीरासबाई वयाने आपल्यापेक्षा लहान, नखं कुरतडलेली, बोलताना कागदावर गोल काढत होत्या. त्या म्हणाल्या, आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या एका जातीची छातीच्या हाडामागे शाळा असते. तिथे त्यांना आपला कोण, परका कोण हे शिकवतात, आणि आपल्यांवरच धावणाऱ्याला तिथेच संपवतात. तरी काही निसटतात. सगळ्यांच्याच अंगात असतात म्हणे, कोमारे. तुमच्या, माझ्या, खुद्द पीरासबाईंच्या. बहुतेकांच्या जन्मभर पेंगत पडून राहतात. मग कधीतरी तरुणपणी गळा सुजवणारा एक ताप येतो, बहुतेक सगळ्यांनाच येऊन जातो, आणि त्या विषाणूच्या अंगावरचा एक तुकडा आपल्या मज्जातंतूंच्या आवरणातल्या तुकड्यासारखा दिसतो. बी नावाच्या पेशी तो तुकडा उचलून टी नावाच्या पेशींना दाखवतात, की हा, हा दिसला की सोडायचा नाही. आणि त्या मेंदूत शिरतात आणि तारेवरचं रबर सोलावं तसं आपलंच आवरण सोलत सुटतात. सगळ्यांनाच तो ताप येतो, तर सगळ्यांनाच हे का होत नाही, ते अजून नीट कळलेलं नाही, असंही त्या सरळ म्हणाल्या.

मी म्हटलं, "म्हणजे कोट."

"कसला कोट?"

मी बार्दियानूची गोष्ट सांगितली. पीरासबाईंनी गोल काढणं थांबवलं. म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी हे मला कॉलेजात शिकवायला हवं होतं." मी म्हटलं, "माझे नाहीत. माझ्या कोमारेचे." हे मी किती अभिमानाने म्हटलं, ते तुम्ही तिथे असता तर पाहिलं असतं. त्यांनी हेही सांगितलं की आपल्या बेटावर हा रोग इतका का, यावर काहींचा कयास असा आहे की दलदलीच्या हिवतापाने माणसं पटापट मरायची त्या काळी ज्यांचे राखणदार जास्त तापट होते तेच जगले, आणि आपण त्यांची पोरं. ताप गेला, दलदल सुकवली, राखणदार मात्र तसेच खुंटीकडे बघत बसलेत.

बसने घरी येईपर्यंत मला हे सगळं छान समजलेलं होतं. दारात मावशी उभी होती. तिने विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण? कुणी केलं हे?" लक्षात घ्या, 'काय झालं' नाही, 'कुणी केलं'. मावशीच्या जगात काही होत नाही, सगळं कुणीतरी करतं. आणि मला ते रोगाचं नाव तोंडातून काढता येईना. आपल्याकडे ते नाव घेताना लोक आवाज खाली करतात, जसा काही तो रोग शेजारच्या खोलीत झोपलाय. मी म्हटलं, "बाहेरचं काही नाही, मावशी. आपल्याच लोकांनी हल्ला केलाय."

आपलेच. एवढाच शब्द. मी पेशींबद्दल बोलत होते. मावशीने आपलेच म्हणजे आपलेच घेतले. मी अंगातला कोट काढायची वाट न बघता तिने पाण्याचा पेला आणला, गव्हाचे दाणे टाकले, ओठांतल्या ओठांत पुटपुटली. दाणे उभे राहिले, प्रत्येकाच्या डोक्यावर बुडबुडा. म्हणजे दृष्ट. "बाई आहे," ती म्हणाली. "जवळची आहे. तुझं कौतुक करून, दृष्ट लागू नये म्हणून लावायचा तो हात न लावता कोण गेलं?" आणि बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं की सप्टेंबरात गावच्या भाकरीच्या भट्टीवर तुम्ही म्हणाला होता, "कोमारे, फुगलेली भाकरी फोडून दोन पातळ पदर करावेत तर तुम्हीच! भाकरीलासुद्धा कळत नाही." तुमचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते. तुम्ही हात लावला नव्हता. लावला असता तर मी पिठाने माखले असते, आणि त्यावरून आपण भांडलो असतो, आणि आज सगळं ठीक असतं.

संध्याकाळपर्यंत खालच्या आळीला कळलं, सकाळपर्यंत वरच्या. तुम्ही पाण्याला निघालात की बायका दृष्ट टाळायला खिशातल्या लोखंडी किल्लीला हात लावू लागल्या. एफिझिओ (ज्याने मला शाई विकली नाही, तोच) तुमच्यासमोर आपल्या कोकरांची नावं घेईना. आणि रविवारी चौकात तुमच्या सुनेने नातवाला तुमच्या हातात देण्याआधी त्याच्या अंगरख्याला दृष्टीचा काळा खडा टोचला, हे मी माझ्या डोळ्याने पाहिलं. चांगल्या डोळ्याने. तुम्ही खडा पाहिलात, पोराला घेतलंत, त्याच्या डोक्याला हात लावलात, पुन्हा पुन्हा लावत राहिलात, जरुरीपेक्षा जास्त वेळा. मी देवळाच्या भिंतीला टेकून उभी होते. लोकांना वाटलं, प्यायलेय.

त्याच दुपारी तुम्ही माझ्या दारात आलात. "बासिलिया, तू सांग. तू तोंडाने सांग, मी काय केलंय तुला?" मावशी मागे क्रुसाची खूण करत होती. आणि मी खाली बघितलं. तुम्हाला वाटलं असेल, नजर चुकवली. खरं म्हणजे माझ्या डाव्या पायात सपात नव्हती आणि पायाने मला ते कळवलंच नव्हतं. ती कुठेतरी ओसरीत राहिली होती आणि मी एका सपातेनिशी तुमच्यासमोर उभी होते. मी सपात शोधत राहिले. वर बघेपर्यंत तुम्ही डाळिंबापाशी पोचला होता.

मग मी ठरवलं, हे निस्तरायचं. मावशीला बसवलं आणि सगळं नीट समजावलं, मेंढ्या, राखणदार, कोट, सगळं. मावशी चांगली विद्यार्थिनी आहे. म्हणाली, "मग कुत्र्यांना बांधत का नाहीत?" मी म्हटलं, "बांधतात. सहा महिन्यांतून एकदा औषध शिरेतून देतात, त्याने कोट दाखवणाऱ्या पेशी नाहीशा होतात." "आणि खरा चोर आला तर?" "तर जपावं लागतं. सर्दीतापालाही." तिने मान डोलावली. मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी गावात बातमी: बासिलियाच्या अंगात कुत्रे शिरलेत. पोरं मला बघून भुंकू लागली. खाटकाने न मागता हाडं पाठवली, चांगली मांस लागलेली. (सूप केलं, उत्तम झालं.) फादरनी विचारलं, रात्री चंद्राकडे बघून काही वाटतं का. हे मी सोसलं असतं. पण भट्टीवर कुणीतरी मावशीला विचारलं, "पण हे कुत्रे शिरले कधी?" आणि मावशी, जिला मी बार्दियानूची गोष्ट अगदी रंगवून सांगितली होती, म्हणाली, "लहानपणीच. आणि कुत्रा कुणाच्या आजोबांचा होता, विचारा!"

कोमारे, मी तुम्हाला सोडवायला गेले आणि तुमच्या आजोबांनाही आत घातलं.

शनिवारी मी भट्टीवर गेले. तुमची लाटायची जागा रिकामी होती. तिथे एफिझिओची बायको लाटत होती आणि भाकरी चौकोनी होत होत्या. मी फोडायला बसले, पहिलीच फुगलेली भाकरी सुरीसकट हातातून गेली, आणि बोट भाजलेलं मला वासावरून कळलं. तेव्हा मी म्हटलं, "मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मिंतोनियाने काही केलेलं नाही. तिने माझं कौतुक केलं, आणि ते खरं होतं." आवाज खाली केला नाही. मग एफिझिओच्या बायकोने लाटणं ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या भावालाही. आम्ही पाठदुखी म्हणतो." मग कोपऱ्यातून कुणीतरी, "माझ्या नणंदेला. आम्ही नसा म्हणतो." मग तिसरी एप्रनच्या टोकाने चूल पुसत राहिली, चूल कुणी एप्रनने पुसतं का. इतकी वर्षं आपण एका भट्टीवर बसलो, कोमारे, आणि प्रत्येकीच्या घरात एकेक जण दुसऱ्याच नावाने आजारी होता. मावशी सगळ्यांच्या मध्ये उभी होती. तिने माझं भाजलेलं बोट पाण्यात घातलं. दाणे नाही टाकले.

तुम्ही तिथे नव्हता. ज्या एका माणसाने ऐकायला हवं होतं ते घरी होतं, आणि मी त्या घराच्या खिडकीकडे बघत हे लिहितेय.

सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. सुनेवर रागावू नका. तिने कोट बघितला.

तुमची (हा शब्द लिहून बराच वेळ पाहत बसले, पण खोडला नाही),
बासिलिया

ता. क. वर लिहिलंय की तुमचं नाव 'बोलता बोलता' निघालं. तसं नाही. मावशीने विचारलं, मी थांबले, विचार केला, आणि मग सांगितलं. पुढे काय होईल हे मला ठाऊक होतं. तुमच्या नजरेमुळे झालं, असं ठरलं तर रोगाचं नाव घ्यावं लागणार नव्हतं. दारातही सपात मला लगेच सापडली होती. पेशी बिचाऱ्या फसतात, त्यांना कोट दिसतो. मला तुम्ही दिसत होता.

ता. क. दुसरं. मावशी म्हणते, तिची चूक झालेली नाही, दाण्यांची झाली. गहू जुना होता. तिने तुमच्यासाठी चीज काढून ठेवलंय, पण स्वतः आणून द्यायला तिला भीती वाटते. तुमची नाही, तुमच्या जिभेची.

ता. क. शेवटचं, आणि पत्र खरं तर एवढ्यासाठीच. चोवीस जूनला चौकात संत जुआन्नेची आग पेटेल. मोडलेलं पुन्हा बांधता येतं का, ते मी फादरना विचारलं नाही, ते हो म्हणतील आणि त्याला काही अर्थ नसेल. मला उडी मारता येणार नाही. उडी तुम्ही मारायची, मी काठी घेऊन बाजूने चालत जाईन. वळसा लांबचा पडतो म्हणून दोन रुमाल एकमेकांना जोडून शिवलेत. बोटांना सुई कळत नाही, टाके वाकडे आलेत. हसू नका, किंवा हसा. तुम्ही येणार नाही हे मी धरून चाललेय. सगळ्या गावादेखत एका लंगड्या बाईबरोबर, तीही मी, तुम्ही कशाला याल? तरी नाही म्हणायला का होईना, एकदा दारात या. आल्यावर आधी हात लावा, मग काय बोलायचं ते बोला, 'तू' म्हणा हवं तर. फक्त उजव्या हाताला लावा. डाव्याला कळणार नाही.